डायलवरचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. एवढे वाचून तुम्ही मनात एखादा दरवाजा, तिजोरी, निदान एखादी ट्रंक आणली असेल, तर ती कृपा करून परत नेऊन ठेवा. मी टेलिफोनला होते.

तुमच्याही फोनला लॉक असते, हे मला माहीत आहे. पण ते दिसत नाही, त्यामुळे त्याला लाजही वाटत नसावी. माझे तसे नव्हते. त्या काळच्या फोनला एक गोल डायल असे. तिच्यात दहा भोके, प्रत्येक भोकाखाली एक आकडा. भोकात बोट घालून डायल फिरवायची आणि सोडायची, की ती कर्रर्र करत मागे यायची. असे सहा-सात वेळा केले की पलीकडे घंटा वाजायची, किंवा वाजायची नाही. मी अंगठ्याच्या पेराएवढे, गोल, चकचकीत. एकच्या भोकात मला बसवून किल्ली फिरवली की डायल अडकायची. म्हणजे आलेला फोन घेता येई, पण आपल्याला कोणाला लावता येत नसे. इतरांनी तुम्हाला हाक मारावी, तुम्ही कोणाला मारू नये, अशी ती व्यवस्था. तिचा मुख्य अधिकारी मी.

माझा जन्म अलीगढच्या एका गल्लीतला. माझी थोरली भावंडे दुकानांच्या शटरला गेली, एक तर देवळाच्या दानपेटीला लागले. मी सगळ्यांत लहान. कारागिराने मला तळहातावर घेऊन म्हटले होते की हे कशाला लावतील कोण जाणे. त्याला काळजी होती. मला तेव्हा ते कौतुक वाटले.

१९८९ साली ठाण्याच्या एका दुकानातून मला सुधीर मणेरीकर यांनी घेतले. ते बेलापूरच्या सिडको कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहत आणि महाप्याच्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. स्टोअरकीपर म्हणजे ज्याच्याकडे सगळे असते आणि जो कोणाला काही देत नाही. माणूस वाईट नव्हता, फक्त नोकरी घरी आणायचा.

सात वर्षे वाट पाहिल्यावर त्यांच्याकडे फोन लागला होता. लागला त्या दिवशी त्यांच्या पत्नीने, सरोजिनीबाईंनी, त्याला हळदकुंकू वाहिले, झालरीचे कव्हर शिवले आणि बिल्डिंगभर पेढे वाटले. पहिला फोन कोणाला करावा, याचा सुधीररावांनी पुष्कळ विचार केला. ओळखीत कोणाकडेच फोन नसल्यामुळे शेवटी त्यांनी वेळ सांगणाऱ्या सरकारी नंबरला फोन लावून वेळ विचारली. घरातले घड्याळ बरोबर होते.

महिन्याभरात बिल्डिंगमधल्या सोळाही घरांनी तो नंबर आपला म्हणून देऊन टाकला. नंबर लिहायचा आणि पुढे कंसात 'पी.पी.' लिहायचे. याचा अर्थ, फोन शेजाऱ्यांचा आहे, पण ते बोलावून देतील. आणि सरोजिनीबाई बोलावून देत. लाटणे घेऊन गॅलरीत जायच्या आणि पाण्याच्या पाइपवर ठोके द्यायच्या. एक ठोका तळमजला, दोन ठोके पहिला मजला, तीन ठोके दुसरा. चौथ्या मजल्याला लाटणे उलटे धरून वर मारावे लागे. पोळ्या लाटताना फोन आला तर पाइपला पीठ लागायचे.

पुढे नंबर बिल्डिंगबाहेर पडला आणि दिवाळ्याला पोचला. दिवाळे म्हणजे खाडीवरचे मच्छीमारांचे गाव, कॉलनीच्या अगदी कुशीत. तिथल्या मालतीबाई रोज सकाळी अकरा वाजता डोक्यावर पाटी घेऊन तीन मजले चढून यायच्या. पाटी दाराबाहेर ठेवायची, स्वतः आत येऊन फरशीवर पाय पसरायचे, चहा घ्यायचा, आणि गावातल्या कोणाचा काय निरोप आला ते ऐकून घ्यायचे. मग मासळीबरोबर निरोपही घरोघर जायचे. कधी कधी मासळीच्या आधी.

हे सगळे येणारे फोन होते. त्याला सुधीररावांची हरकत नव्हती, उलट आपण परोपकारी आहोत असे त्यांना वाटे. पण एका संध्याकाळी चौथ्या मजल्यावरच्या मानसिंग नावाच्या गृहस्थांनी घाईत नंबर फिरवला आणि डायल आपोआप मागे येण्याची वाट न बघता बोटाने ढकलली. सुधीरराव रात्री जेवले नाहीत. सात वर्षे वाट पाहून मिळालेली डायल अशी झिजली, तर परत सात वर्षे कोण थांबणार, हा त्यांचा विचार होता.

पुढच्या रविवारी मी आले. किल्ली त्यांनी जानव्याला बांधली. जुन्या घरांत तिजोरीची किल्ली तशी बांधायची पद्धत असे. तिजोरी नव्हती, पण पद्धत होती.

सरोजिनीबाईंनी एवढेच विचारले, "आणि मला लागला तर?"

"तुला कोणाला करायचाय फोन?" सुधीरराव म्हणाले.

मला तेव्हा हे उत्तर फार पटले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात लाज वाटण्यासारखे बरेच आहे, पण ते पटले होते याची लाज सगळ्यांत जुनी.

आता झाले असे, की सकाळी सुधीरराव महाप्याला गेले की किल्लीही जायची. दिवसा कोणी फोन करायला आले, तर सरोजिनीबाई काय सांगणार? 'माझ्याच घरातल्या फोनची किल्ली माझ्याकडे नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून निघेना. एकदा निघाले ते वेगळेच. त्या म्हणाल्या, "फोन डेड आहे." तेव्हा फोन बंद पडायचेच, पडले की आठवडाआठवडा पडून राहायचे, त्यामुळे कोणाला नवल वाटले नाही. लोक हळहळून परत जात. झालरीचे कव्हर माझ्यावर घातलेले असे, म्हणून मी कोणाला दिसले नाही. मला वाटायचे, मी फोन राखते आहे. प्रत्यक्षात माझ्यापायी एक सरळ बाई रोज खोटे बोलत होती.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. दुपारी तीनला सुधीरराव कारखान्यातून घरी फोन करत. दोन रिंगा झाल्या की ठेवून देत. फोन उचलायचा नाही, असे सरोजिनीबाईंना सांगून ठेवले होते. फोन चालू आहे की नाही, हे तपासण्याची ती पद्धत. स्टोअरमध्येही ते अशीच एक फेरी मारत.

तर त्या दिवसाकडे येते. मंगळवार होता. पावणेतीनला मालतीबाई आल्या. त्या वेळी त्या कधी येत नसत. पाटी नव्हती, हातात एक पाकीट होते. त्यांच्या नमिताने बारावीनंतर मुंबईच्या एका हॉस्पिटलात नर्सिंगच्या शिक्षणासाठी अर्ज केला होता, आणि तिचे नाव प्रतीक्षा यादीत होते. हे पत्र दिवाळ्यातच त्याच आडनावाच्या दुसऱ्या घरी चार दिवस पडून राहिले होते आणि आज हाती आले होते. इंग्रजीत होते. सरोजिनीबाईंनी वाचून सांगितले. एक जागा रिकामी झाली आहे. मंगळवारी दुपारी चारपर्यंत येऊन किंवा फोन करून कळवावे. न कळवल्यास जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाईल.

मुंबईला बसने पोचायला दोन तास. नाक्यावरच्या नाण्याच्या फोनचा रिसीव्हर कोणीतरी कापून नेला होता. औषधवाल्याकडे फोन होता, पण दुकान दुपारी चारपर्यंत बंद. मालतीबाई हे सगळे बघूनच वर आल्या होत्या.

"एक फोन लावा, बाय," त्या म्हणाल्या. "पोरीचा काम हाय."

सरोजिनीबाईंनी पत्रातला नंबर वाचता वाचता सवयीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने उतरवला होता. पेन्सिल हातातच होती. त्यांनी कव्हर घातलेल्या फोनकडे बघितले, मग जमिनीकडे बघितले.

"मालतीबाई, फोन डेड आहे हो."

मालतीबाई पत्राची घडी घालायला लागल्या. आणि तीन वाजले.

ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग. मग थांबला.

मी आयुष्यात बऱ्याच शांतता ऐकल्या आहेत, कुलपाचे कामच ते. पण त्या दोन रिंगांनंतरची शांतता अजून माझ्या कानात आहे. सरोजिनीबाईंचा चेहरा एवढा लाल झाला होता की मला वाटले त्या रडतील किंवा हसतील. दोन्ही झाले नाही.

मालतीबाईंनी पत्र चोळीत खोचले. "वाजला ना तो," असे हळूच म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, पावले बाहेर टाकता टाकता माणूस स्वतःशी बोलतो तसे. मग त्या जिना उतरल्या. नमिताला घेऊन बस पकडायची, पोचेपर्यंत पाच वाजोत, असे ठरवून.

त्या गेल्यावर सरोजिनीबाईंनी कव्हर फेकून दिले आणि केसातली पिन काढून माझ्यात घातली. मी उघडले नाही. त्यांनी पिन फिरवली, दाबली, शेवटी तिचे टोक मोडून आत राहिले, किल्लीच्या वाटेत मात्र आले नाही. मी तरीही उघडले नाही. अलीगढचे काम. त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. बत्ता घेऊन त्या परत आल्या, पण माझ्यावर मारायचा तर डायल फुटणार. बत्ता धरून उभ्या राहिल्या. आत तीन वर्षांचा केयूर झोपलेला होता.

मग त्या बत्त्यासकट तळमजल्यावर गेल्या आणि पोपटरावांना घेऊन आल्या. पोपटराव साताऱ्याकडचे, तारखात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर कट्टकडकट्ट करून त्यांना बोलण्याची सवय राहिली नव्हती. त्यांनी चष्मा लावून मला निरखले.

"वहिनी, कुलूप डायलला लावलंय," ते म्हणाले. "फोनला कुठं लावलंय?"

रिसीव्हर ठेवतात तिथे खाली दोन पांढरी बटणे असतात. डायल फिरवली की आत फक्त टकटक होते, चारसाठी चार वेळा, सातसाठी सात वेळा. तीच टकटक बटण दाबून केली तरी फोनला काही फरक कळत नाही. म्हणजे मी ज्या रस्त्यावर पहारा देत होते, त्याच्या शेजारून दुसरा रस्ता होता आणि तो पहिल्यापासून उघडा होता. मोडकी पिन पोटात घेऊन मी ते ऐकत होते.

पोपटराव टकटक करू लागले. शून्याला दहा वेळा दाबावे लागते आणि नंबरात शून्ये दोन. पहिल्या खेपेला एका बेकरीत लागला. दुसऱ्या खेपेला परत त्याच बेकरीत, आणि बेकरीवाल्याने या खेपेला आईवरून शिवी दिली. पोपटराव म्हणाले, हात थरथरतो आता, तुम्हीच करा, न थांबता, पण दोन आकड्यांमध्ये श्वास घ्या. सरोजिनीबाईंनी कॅलेंडरकडे बघत टकटक केली. त्या वेळी घड्याळात चाराला पंधरा मिनिटे कमी होती.

लागला. नमिताचे नाव सांगितले, ती येते आहे, जागा तिचीच ठेवा म्हणाल्या. पलीकडच्या कारकुनाने लिहून घेतले आणि विचारले, आपण कोण?

सरोजिनीबाईंना वाटले, शेजारीण म्हणावे तर शेजाऱ्यासारखे वागलो नाही. मग म्हणाल्या, "तिची मावशी."

नमिताला जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी मालतीबाई नेहमीसारख्या अकराला आल्या, पण आत आल्या नाहीत. पाटीशेजारी बाहेरच बसल्या, नमिताचे झाले एवढेच सांगितले. सरोजिनीबाईंना सांगता आले असते की फोन मीच केला. पण मग डेड फोनचे सांगावे लागले असते, माझे सांगावे लागले असते, आणि किल्ली कुठे असते तेही. त्यांनी चहा बाहेर नेऊन दिला.

असे पंधरा वर्षे चालले. मालतीबाई दाराबाहेर. फोनसाठी एक शब्द परत नाही. मात्र मासळीचा वाटा घालून झाला की एक मासा त्या वरून टाकायच्या, आणि सरोजिनीबाईंना वाटायचे की मोजण्यात चूक झाली असेल. ती चूक सांगण्याचेही त्यांच्याने झाले नाही. आणि फोन होता तोवर सरोजिनीबाई टकटक करून बोलत राहिल्या, माहेरी, दवाखान्यात, बिल्डिंगमधल्या ज्याला लागेल त्याच्यासाठी. सुधीरराव संध्याकाळी येऊन मला चाचपून बघायचे आणि समाधानाने पान खायचे. मी त्यांच्यासमोर ताठ बसायचे. खोटे बोलण्यात आता मीही सामील होते.

मग बटणांचे फोन आले, मग मोबाइल. जुना फोन भंगारात गेला आणि मी चॉकलेटच्या एका डब्यात, तुटक्या बटणांच्या आणि रेशनकार्डाच्या सोबतीने, मणेरीकरांबरोबर खारघरला आले. चौदावा मजला. इथे पाइप भिंतीच्या आत आहेत.

गेल्या महिन्यात डबा उघडला. केयूरची मुलगी श्रुती पाचवीत आहे. तिच्या शाळेत मोबाइलपूर्वीच्या वस्तूंचे प्रदर्शन होते. तिने मला उचलून विचारले की हे कशाचे. सुधीरराव आता बहात्तर वर्षांचे आहेत. पेपरातून डोके वर न काढता त्यांनी ट्रंकेचे असेल म्हणून सांगितले.

सरोजिनीबाई लसूण सोलत होत्या. "फोनचं," त्या म्हणाल्या.

आणि मग छत्तीस वर्षांनी त्यांनी सगळे सांगितले. आवाज चढवला नाही, लसूणही थांबवला नाही. दोन रिंगा सांगितल्या, पिन सांगितली, बेकरी सांगितली. श्रुती तोंड उघडे टाकून ऐकत होती.

"म्हणजे आजोबांनी आजीला पासवर्डच दिला नव्हता?"

सुधीररावांनी पेपराची घडी घातली. ती चुकली, परत घातली. "मग मी रोज तीनला रिंग देत होतो ती..." एवढे बोलून ते थांबले. त्यांचा हात सदऱ्याच्या आत गेला होता. किल्ली अजून जानव्याला होती. विचारले की ते कपाटाची म्हणून सांगायचे.

रविवारी त्यांनी मला खिशात घातले आणि सरोजिनीबाईंना म्हणाले, दिवाळ्याला जाऊन येऊ. मेट्रोने बेलापूर, पुढे रिक्षा. सबंध वाटेत ते तीनच शब्द बोलले, आणि ते तिकीट काढताना.

मालतीबाई घरासमोर उन्हात वाळत घातलेले बोंबील परतत बसल्या होत्या. शहात्तरीच्या, पाठ वाकलेली, नजर अजून पाटीच्या दिवसांसारखीच तल्लख. नमिता आता पनवेलच्या एका हॉस्पिटलात मोठी सिस्टर आहे, हे त्यांनी आम्ही बसायच्या आतच सांगितले. सुधीरराव बसले नाहीत. त्यांनी मला तळहातावर घेऊन पुढे धरले. अलीगढच्या कारागिराने धरले होते तसे.

"आमच्या फोनला हे लावलेलं होतं. मी लावलं होतं. त्या दिवशी फोन बंद नव्हता."

"मना ठाव हाय," मालतीबाई म्हणाल्या. "वाजला ना तो."

"मी खोटं बोलले, मालतीबाई," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"त्यो पन ठाव हाय. थितं गेलो तं कारकून बोलला, पोरीच्या मावशीचा फोन आलता, जागा ठेवलीय. मना भैन नाय, बाय. चार भाव हायेत. मंग ही मावशी कुठशी आली, ह्यो कलाया काय शालंत जावा लागते?"

सरोजिनीबाईंनी विचारले, "मग परत आत का नाही बसलात? मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"राग कसला? मी आत बसली का तुमची नजर फोनवर जायाची न् मान खाली. तुमाला लाजवाचा नको म्हनून भायेर बसली." मालतीबाईंनी एक बोंबील उलटा केला. "न् वरचा मासा मावशीचा. येवऱ्या वर्सांत कधी इचारला पन नाय."

मित्रांनो, मी लोखंडाचे आहे. मला रडता येत नाही, फक्त गंजता येते. जमेल तेवढे मी तिथे गंजले.

सुधीररावांनी सदऱ्याची दोन बटणे काढली आणि किल्ली सोडवायला लागले. छत्तीस वर्षांची गाठ, सुटेना. मालतीबाईंनी मासे कापायचा कोयता उचलला. सुधीररावांनी डोळे मिटून घेतले. मालतीबाईंनी जानव्याला धक्का न लावता किल्लीचा दोरा तेवढा कापला आणि किल्ली हातात घेऊन मला उघडले. हिसक्याने आतून मोडकी पिन खाली पडली. सरोजिनीबाईंनी ती उचलली आणि पदराला पुसली.

श्रुतीच्या प्रदर्शनात मी गेले नाही. तिने माझे चित्र काढून नेले. मला मालतीबाईंनी ठेवून घेतले, मांजरे फार झाली आहेत म्हणून. त्यांच्या सुक्या मासळीच्या पेटीच्या कोयंड्यात मी बोटासारखे बसते. आणि माझी किल्ली कुठे आहे, माहीत आहे? पेटीच्या वरच खिळ्याला, दोऱ्याने टांगलेली. शेजारची बाई येते, किल्ली घेते, उघडते, चार बोंबील काढते, परत लावते. मालतीबाई घरात नसल्या तरी.

बाळांनो, तुमच्याकडेही कुलपे असतील, माझ्याहून किती तरी चलाख. लावा, काही हरकत नाही. फक्त आपल्या घरात किल्ली कोणाकोणाकडे नाही ते बघा, आणि त्यांना काय वाटते तेवढे एकदा विचारून घ्या. मला छत्तीस वर्षे लागली. मला आता फक्त मांजरे घाबरतात, आणि तेवढे मला पुरे आहे.